काट्याच्या आधी

शमीमनं शालनबाईंच्या टाळूवर कोमट तेल ओतलं आणि म्हणाली, "बाई, मान हलवू नका. कानात जाईल."

"मी हलवते होय? ती हलते," शालनबाई म्हणाल्या. "सांगायचं तर तिला सांग."

दारातल्या पायरीवर बसून रेवती मोबाइलवर कामाची यादी बघत होती. ती हसली. बुधवार होता. दर बुधवारी आईचं न्हाणं असायचं आणि त्या दिवशी रेवती उशिरा कामावर निघायची. पुढे कितीतरी दिवस तिला हा बुधवार आठवत राहिला. त्यात आठवण्यासारखं तसं काहीच नव्हतं. तेलाचा वास होता, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी होती, आणि शमीमच्या मांडीला टेकलेली आईची पाठ होती.

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या जुन्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. शालनबाईंना कंपवात होऊन सहा वर्षं झाली होती. उजव्या हाताची बोटं सतत विडी वळल्यासारखी हलत. त्यांनी स्वतः आयुष्यात विडी वळली नव्हती, त्यांच्या आईनं वळली होती. शालनबाईंनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. शमीम चार वर्षांची असताना त्यांनीच तिला काट्याच्या झोळीत बसवून तिचं वजन केलं होतं. आता शमीम सरकारी योजनेतून रोज सहा तास त्यांच्याकडे मदतनीस म्हणून येई. तरी तोंडातलं 'बाई' काही सुटलं नव्हतं.

या आजारात माणूस चालता चालता थिजतो. शालनबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या की पाय खिळल्यासारखे थांबत. पुढं जाता येत नसे, मागंही. शमीमनं त्यावर युक्ती काढली होती. ती आपला पाय त्यांच्या पुढ्यात आडवा धरायची. तो ओलांडायचा म्हणून शालनबाईंचं पाऊल आपसूक उचललं जाई. डॉक्टरांनाही ते बघून नवल वाटलं होतं.

"उद्या कोण येणार म्हणालीस?" शालनबाईंनी विचारलं.

"प्रणोती. माझ्या ऑफिसातली."

"ती केंगनाळकरांची? जिच्या लग्नाला गेलो होतो?"

"तीच."

"मग घर असं ठेवून चालेल का? शमीम, उद्या पडदे बदल. आणि रवा आहे का बघ."

शमीमचे हात थांबले. तिनं रेवतीकडे पाहिलं. "ताई, बाईंना सांगा की काहीतरी."

"काय सांगायचंय?" शालनबाई म्हणाल्या.

रेवतीनं मोबाइल पालथा ठेवला. "काही नाही. तू नेहमीसारखी राहा, आई."

"नेहमीसारखी म्हणजे अशी? तेलात बुडवलेली?"

तिघी हसल्या. मग शमीमनं पाणी काढलं.

*

दुसऱ्या दिवशीची ती भेट म्हणजे मूल्यमापन. समाजकल्याणाची कार्यालयं टप्प्याटप्प्यानं बंद झाली, तेव्हा म्हातारी, आजारी, अपंग माणसं कुणी बघायची याची निविदा निघाली. ती एका कंपनीला मिळाली. रेवतीनं समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा तिच्या वर्गाच्या फळ्यावर 'गरज हा हक्क आहे' असं लिहिलेलं असायचं. कंपनीनं तिला कामावर घेतलं, पण तिच्या ओळखपत्रावर समाजकार्यकर्ती हा शब्द नव्हता. 'क्षमता मूल्यमापक' असा होता.

मूल्यमापनासाठी एक यंत्र होतं. टिफिनच्या झाकणाएवढं, पांढरं, भिंतीला चिकटणारं. सगळे त्याला डबी म्हणत. डबीत कॅमेरा नव्हता, आणि खासगीपणाचा भंग होत नाही म्हणून तर तिला विधानसभेत कुणी अडवलं नाही. ती खोलीत रेडिओलहरी सोडायची. त्या लहरींची लांबी जेमतेम काही मिलिमीटर. कपड्यातून त्या आरपार जात आणि कातडीवर आपटून परत येत. परतलेल्या लहरींत सूक्ष्म फरक पडलेला असे. श्वासानं छाती केसभर वर आली, मानेची शीर उडाली, मांडीचा स्नायू ताणला गेला, तरी त्या फरकातून डबीला ते कळे. माणूस खुर्चीतून उठताना किती जोर लावतो, हात भरलेलं भांडं किती स्थिर धरतो, हे ती डॉक्टरापेक्षा अचूक सांगायची. ती चुकत नसे. कितीतरी प्रयोगशाळांनी तपासून तसा निर्वाळा दिला होता.

सुरुवातीला डबी घरात आठवडाभर राहायची आणि सात दिवसांची सरासरी काढायची. पण आठवडाभरात एका डबीचं एकच घर होई. मग कंपनीनं सरासरी सोडली आणि शिखर धरलं. चाळीस मिनिटांत शरीरानं जास्तीत जास्त जे करून दाखवलं, ते त्याचं शिखर. जे एकदा जमतं ते पुन्हा जमलंच पाहिजे. शिखर साठाच्या वर गेलं की माणूस स्वावलंबी, आणि मदतनीस बंद. उद्घाटनाच्या भाषणात मंत्री म्हणाले होते, "माणसात काय नाही ते मोजू नका, काय आहे ते मोजा." सभागृहात टाळ्या पडल्या. रेवतीनंही वाजवल्या होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. प्रायोगिक टप्प्यात कंपनीला एक अडचण आली होती. डबी लावली की म्हातारी माणसं गप्प बसून राहत आणि शिखर सापडत नसे. कार्यशाळेत रेवतीनं हात वर केला. "आपली माणसं पाहुण्यासाठी उठतात," ती म्हणाली. "अंगात ताप असला तरी चहा टाकतात. चहाच्या वेळी जा." हे तिला आपल्याच घरात कळलं होतं. पाहुण्यासमोर बसून राहणं तिच्या आईला कधी जमलं नव्हतं. सूचना पुस्तिकेत छापली गेली: 'भेट शक्यतो चहाच्या वेळी ठेवावी. पाहुणचार नाकारू नये.' रेवतीला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते आईनं फ्रेम करून भिंतीला लावलं होतं.

पुस्तिकेत आणखी एक प्रकरण होतं, त्याचं नाव सन्मान संहिता. नागरिकाला तुझ्यानं हे होणार नाही असं सुचवणं हा त्याच्या सन्मानाचा भंग होता. बसा, उठू नका, राहू द्या असं भेटीत कुणीही त्याला म्हटलं की डबी ते ऐके आणि तिचा हिरवा दिवा लाल होई. भेट रद्द. ते घर पुन्हा रांगेच्या शेवटी जाई, आणि पुढची पाळी येईपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, आधीची सेवा तशीच चालू राही. हे लोकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक करून देणं हाही संहितेचा भंगच होता. बोलणारा कर्मचारी असेल तर त्याच दिवशी त्याचं काम जाई, मग तो त्या घरचा नातेवाईक का असेना.

म्हणजे एका वाक्याचं काम होतं. रेवतीला ते माहीत होतं. प्रणोतीलाही होतं.

*

गुरुवारी चार वाजता प्रणोती आली. शालनबाई दारात उभ्या होत्या. हिरवी इरकल, नीट घातलेला अंबाडा, कपाळाला कुंकू. "ये गं, ऊन लागलं असेल," त्या म्हणाल्या, आणि आवाज एरवी असतो तसा पुटपुटता नव्हता, अंगणवाडीत घुमायचा तसा होता.

प्रणोतीनं डबी प्रशस्तिपत्रकाच्या शेजारी चिकटवली. हिरवा दिवा लागला. रेवती नियमाप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. शमीम मोरीच्या दाराशी उभी राहिली.

"बस, आलेच," म्हणून शालनबाई स्वयंपाकघराकडे निघाल्या. शमीमचा पाय सवयीनं पुढे झाला. पण शालनबाईंनी उंबरा ओलांडलाही होता, पायाकडे न बघता.

कंपवातात असं होतं. रोजच्या हालचालींसाठी मेंदूत एक वाट असते, विचार न करता चालायची. या आजारात तिथलं एक रसायन आटतं आणि वाट कोरडी पडते. पण आग लागली, आवडतं गाणं वाजलं, दारात पाहुणा आला, की मेंदू एखादी आडवाट शोधतो. खिळलेला माणूस धावतो. डॉक्टर हे ओळखतात. घरचे लोक त्याला पाहुण्यांसमोरची तब्येत म्हणतात. ही तब्येत तासाभराची असते आणि नंतर शरीर तिची वसुली करतं.

रेवतीला हे सगळं पाठ होतं. तरीही आईनं वरच्या फळीवरून रव्याचा डबा एका हातानं खाली काढला, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ती भीती नव्हती. आनंद होता. प्रणोतीनं बघावं असं तिला वाटलं. ही माझी आई.

शालनबाईंनी शिरा केला. चहा टाकला. ट्रे घेऊन आल्या, तेव्हा कपबश्या वाजत नव्हत्या.

"मावशी, मला काही घाई नाही," प्रणोती म्हणाली. संहितेत बसेल असं तिला एवढंच बोलता येत होतं. बोलताना ती शालनबाईंकडे बघत नव्हती, रेवतीकडे बघत होती.

"घाई नाही कशी? गार होईल. आमच्या रेवूचं ऑफिसात कसं चाललंय, ते सांग. घरी काही बोलत नाही ती."

"सगळ्यांत हुशार आहे ती, मावशी."

"लहानपणापासून. पण तोंडातून शब्द निघायचा नाही." शालनबाई हसल्या. "थांब, पापड भाजते."

त्या पुन्हा उठल्या. प्रणोतीनं कप खाली ठेवला आणि पुन्हा रेवतीकडे पाहिलं. शमीमनंही पाहिलं. डबीचा दिवा हिरवा होता. रेवतीनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर वरिष्ठ खुपसंगे साहेबांची ऑफिसातली केबिन आली, मग घरभाडं, मग औषधांचं दुकान, आणि तिला वाटलं, पुढे अपील आहेच की. तिनं तोंड मिटलं. पापडाचा वास आला.

चाळीस मिनिटं झाली. प्रणोती डबीचा आकडा न बघता उठली. शालनबाई तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाल्या होत्या, पण ते तिनं होऊ दिलं नाही. आता भेट संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती. "मावशी, बसा आता," ती दारात म्हणाली. "खरंच बसा."

दार लागल्यावर शमीम म्हणाली, "बाई, मला कधी असा शिरा नाही खाऊ घातलात."

"तू काय पाहुणी आहेस?" शालनबाई म्हणाल्या, आणि भिंतीला धरून खाली बसल्या. "रेवू, नाव राहील ना गं तुझं ऑफिसात?"

त्यानंतर दोन दिवस त्यांना कुशीवरही वळता आलं नाही. रेवतीनं गोळ्यांची पट्टी पाहिली. गुरुवारच्या दोन गोळ्या जास्तीच्या गेल्या होत्या. शालनबाईंनी त्या साडेतीनला एकदम घेतल्या होत्या, पाहुणी यायच्या बेतानं.

*

आठवड्यानं मोबाइलवर निकाल आला. 'अभिनंदन. आपण स्वावलंबी आहात.' शिखर एकाहत्तर.

"माझ्या वयापेक्षा एक जास्त," शालनबाई म्हणाल्या. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "मग शमीम?"

"सोमवारपासून तिला दुसरं घर दिलंय. होटगी रस्त्याला."

शालनबाईंनी भिंतीकडे बघितलं. डबी अजून तिथंच होती. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचं घर असलं की निकालानंतर ती तीस दिवस पडताळणीसाठी तिथंच ठेवत.

"आमच्या वेळी वजनाच्या तक्त्यावर तांबड्या पट्ट्यात आलेल्या पोराला दुप्पट खाऊ मिळायचा," त्या म्हणाल्या. "वजन करायच्या दिवशी आया पोरांना नटवून आणायच्या. अंगात दोन-दोन झबली, पायात चांदीचे वाळे, वरनं पोटभर पाणी पाजलेलं. बाईंसमोर पोर चांगलं दिसावं म्हणून. आणि तेवढ्यानं पोर पट्ट्याच्या वर जायचं. मी दारातच सांगायची, बायांनो, वाळे काढा, लंगोट काढा, पाणी नंतर पाजा. पर्यवेक्षिकेनं एकदा मेमो दिला मला त्यापायी."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं?" त्यांची बोटं विडी वळत होती. "काटा खोटं बोलत नाही गं. म्हणून तर काट्याच्या आधी माणसानं बोलायचं असतं."

आवाजात तक्रार नव्हती. रेवतीनं वाट पाहिली. आता आई विचारेल, तू का नाही बोललीस. शालनबाईंनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं रेवतीला पुढे आयुष्यभर वाटणार होतं.

"मी अपील करते," ती म्हणाली.

"कर," शालनबाई म्हणाल्या.

*

शमीम गेल्यापासूनचा बारावा दिवस. रेवतीच्या भेटी बार्शीला होत्या. सकाळी तिनं आईला खाऊ घातलं, पाण्याची बाटली उशाशी ठेवली, फोन गळ्यात अडकवला. एक वाजता फोन केला. उचलला नाही. आईला कितीदा बटण सापडत नसे. झोपली असेल, असं म्हणून रेवती पुढच्या घरी गेली. त्या घरातल्या आजोबांनी तिच्यासाठी लिंबूसरबत केलं. त्यांचं शिखर सहासष्ट आलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी तिनं दार उघडलं. शालनबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. गळ्यातला फोन पाठीखाली गेला होता. पत्रा दिवसभर तापून खोलीची भट्टी झाली होती. त्यांनी डोळे उघडले. ओठ चिकटले होते, ते वेगळे व्हायला वेळ लागला.

"उन्हातनं आलीस," त्या म्हणाल्या. "माठातलं पाणी घे आधी."

दवाखान्यात चौथ्या दिवशी छातीत कफ भरला आणि त्या गेल्या.

वसाहतीतल्या माणसांनी तिरडी उचलली. शमीम होटगी रस्त्यावरून धावत आली होती, ती दाराशी उभी होती. तिरडी दाराच्या उंबऱ्यापाशी आली तसा तिचा पाय सवयीनं पुढे सरकला. तिनं तो बघितला आणि मागे घेतला. रेवतीशी ती एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

*

पंधराव्या दिवशी रेवती कामावर गेली. खुपसंगे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नव्हता. मुलाच्या मुंजीत स्वतः पंक्तीत वाढलं होतं त्यानं, तिच्या आईला आग्रह करून.

"तुमच्या अपिलाचा निकाल आलाय," ते म्हणाले. "आपोआप निघतो, मी थांबवू शकलो नाही. वाचलाच पाहिजे असं नाही."

रेवतीनं हात पुढे केला.

'फेरमूल्यमापन पडताळणी काळातील नोंदीवरून करण्यात आले. सुधारित शिखर: चौऱ्याहत्तर. अपील निकाली.'

"वाढलं कसं?" तिनं विचारलं.

खुपसंग्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. त्या दिवसाची नोंद होती. अकरा वाजून बावीस मिनिटांनी रेषा एकदम खाली आली होती. त्याखाली लिहिलं होतं, 'स्थितिबदल. जमिनीवर.' मग श्वासांची बारीक लाट, आणि मधे मधे उंच सुळके. पहिला अकरा चाळीसला. शेवटचा चारला पाच कमी असताना. प्रत्येकाखाली एकच शेरा: 'उठण्याचा प्रयत्न.'

तिनं मोजले. अकरा होते.

"तिसऱ्या प्रयत्नात हातांवर फार जोर आलाय," खुपसंगे म्हणाले. "तेच शिखर धरलं गेलं."

चार वाजल्यानंतर सुळके नव्हते. सहा वाजून दहा मिनिटांनी एक छोटीशी लाट होती. ते पाण्याचं वाक्य असावं.

"डबीला पडणं कळत नाही का?"

"कळतं. कळत नाही असं नाही." त्यांनी चष्मा काढला. "कळवायची सोय आपल्या निविदेत नाही. ती वेगळी सेवा आहे."

"म्हणजे तिला कळलं होतं."

"हो."

"आणि सांगितलं नाही."

"तिच्याकडून ती अपेक्षा नव्हती, रेवतीताई," खुपसंगे म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत प्रणोती जिन्यात भेटली. तिनं रेवतीचा हात धरला आणि रडली. म्हणाली, "मी दोनदा थांबले गं. तू बोलशील म्हणून थांबले. तुला दिसत होतं ना मी थांबतेय ते?"

"तूही बोलू शकली असतीस."

प्रणोतीनं हात सोडला. डोळे पुसले. "हो," ती म्हणाली. "पण माझी आई नव्हती ती."

*

रेवतीनं काम सोडलं नाही. तीन महिन्यांत तिनं शेकड्यानं घरं केली. तिच्या भेटी वेळेत होत, तिला शिखर नेहमी सापडे. संध्याकाळी घरी आल्यावर ती पायरीवर बसायची आणि उंबरा ओलांडायच्या आधी थोडी थांबायची. भिंतीवर डबीच्या जागी चिकटपट्टीचा चौकोन उरला होता. त्याच्या शेजारी प्रशस्तिपत्रक होतं. ते ती काढत नव्हती.

श्रावणातल्या एका दुपारी, चहाच्या वेळी, ती अक्कलकोट रस्त्यावरच्या एका घरी गेली. भागीरथी माळगे, वय चौऱ्याहत्तर. फाइलीत लिहिलं होतं की हृदय पाव क्षमतेनं चालतं. म्हातारी खाटेवर बसली होती. अंगावरच्या लुगड्याची घडी आज मोडलेली दिसत होती. केस ओले होते, भांग ताजा होता. खाली जमीन नुकतीच पुसलेली होती. मदतनीस बाई भिंतीला टेकून उभी होती आणि रेवतीकडे बघत होती. ते बघणं रेवतीनं ओळखलं.

"या, या," भागीरथीबाई म्हणाल्या. "घर सापडायला तरास झाला का? पोरी, मॅडमना पाट दे. पाट नको, खुर्ची दे."

रेवतीनं डबी भिंतीला लावली. हिरवा दिवा लागला.

"एकट्याच फिरता का एवढ्या उन्हात? घरी कोन असतं?"

"कुणी नाही, आजी."

"आई?"

"गेली. चैत्रात."

"आगं बाई." म्हातारीनं चुकचुक केलं. तिच्या गळ्याखालची कातडी श्वासाबरोबर आत ओढली जात होती. एवढं बोलण्यानंच तिला धाप लागली होती. डबीला ते दिसत होतं. डबीला सगळं दिसत होतं, आणि तिच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती. "मग तर असं कोरड्या तोंडानं नाही जायचं. चहा टाकते. साखर चालती न्हवं?"

"आज्जी, मी टाकते की," मदतनीस बाई पुढे होत म्हणाली.

"तू गप. माझ्या घरी आलेल्या पावनीला मी चहा देनार न्हाई तर कोन? मी काय मेले का?" असं म्हणून त्या हसल्या. त्यांनी दोन्ही तळवे खाटेच्या काठावर टेकवले. कोपरं ताठ झाली. लुगड्याखाली गुडघे हलले. खाट करकरली.

मदतनीस बाईनं मान खाली घातली.

भागीरथीबाईंची बोटं काठाला घट्ट रुतली होती, नखं पांढरी पडली होती. अंग थोडं वर उचललं गेलं आणि परत टेकलं. त्यांनी दम घेतला. पुन्हा तळवे टेकवले. हा दुसरा प्रयत्न होता.

रेवती खुर्चीतून उठली. दोन पावलांत तिनं खोली ओलांडली, खाटेपाशी जमिनीवर बसली आणि म्हातारीच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. ते हात गरम होते. तिच्या पाठीमागे भिंतीवर हिरवा दिवा होता. तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. इतके महिने अडकलेलं ते वाक्य तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं बाहेर पडलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"आई, उठू नकोस."